कोरं रेकॉर्डिंग

गावाच्या चुका पोटात घाल म्हणून देवाला घालायचं आमच्या देवळातलं जुनं गाऱ्हाणं फक्त हरिश्चंद्रतात्यांना तोंडपाठ होतं. ते म्हणताना तात्या थांबले की गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गेल्या उन्हाळ्यात मी ते माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं.

"दोन ठिकाणी ठेव रे, गुरुदास," तात्या म्हणाले. "माझ्यामागे कोणाक येवचा नाय."

"ठेवलंय, तात्यानू," मी म्हणालो. ठेवलं नव्हतं. करू सावकाश, असं वाटलं होतं.

श्रावणात हार्ड डिस्क गेली. मालवणात दाखवली, पण आतलं काहीच निघालं नाही. गणपतीनंतर तात्या वारले. मी कोणालाही काही सांगितलं नाही.

जत्रेच्या सकाळी गाव सभामंडपात जमला. तात्यांची मुलगी सुगंधाताई म्हणाली, "लाव रे बाबांचो आवाज."

खरं बोलायला तोंड उघडेना. माइक बंद ठेवून केलेलं कोरं रेकॉर्डिंग मी तात्यांच्या नावाने लावलं. आवाज आला नाही की फाइल बिघडली म्हणणार होतो.

स्पीकरमधून काहीच आलं नाही.

पण सगळ्यांनी हात जोडले. थोड्या वेळाने एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मी स्पीकरला कान लावला. आत नुसती शांतता. पाठीमागून पुन्हा, "व्हय म्हाराजा!" तात्या जिथे थांबत, अगदी तिथेच. सुगंधाताई डोळे पुसत होती.

मी स्पीकरची वायर उपटली. तरी ते ऐकतच राहिले.

मग एकेक मान माझ्याकडे वळली. सुगंधाताईचीही. माझ्याकडे बघत सगळे बराच वेळ काहीतरी ऐकत होते. मी मान खाली घातली.

"व्हय म्हाराजा," सगळे हळूच म्हणाले.