ताईचा पांढरा

दुपारी बारापर्यंत सहापैकी चार बटा नारिंगी झाल्या होत्या.

रंगारीण गच्चीवर फळीपुढे उकिडवी बसली होती. फळीवर पांढऱ्या केसांच्या सहा बटा चिकटपट्टीने लावलेल्या, प्रत्येकीखाली पेन्सिलीने नंबर, आणि प्रत्येकीला वेगळं सनस्क्रीन चोपडलेलं. भिंतीवर रंगाचा नमुना मारून बघतात ना, अगदी तसं. दर अर्ध्या तासाने ती नळाचं पाणी शिंपडायची आणि पुन्हा वाळू द्यायची. तीस वर्षं इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवलेली बाई ती. डब्यावर काय छापलंय यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"पाचवी पण गेली," ती म्हणाली.

सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या तिच्या थोरल्या बहिणीने मान उंच केली. "कुठे गेली? मला तर पांढरीच दिसतेय."

"ताई, ज्यांनी कधी भिंत रंगवली नाही ना, त्यांना पांढरा एकच असतो असं वाटतं. ही पिवळी पडलीय. संध्याकाळपर्यंत गाजर होईल बघ."

ताईच्या डोक्यावर बोटभरही केस नव्हते. दोन महिन्यांपूर्वी कमरेपर्यंत पांढरीशुभ्र वेणी होती. धाकटीच्या कानशिलावर उन्हाने उठलेला डाग डॉक्टरांनी कापून काढला आणि तिथे केस यायचे बंद झाले. ताईने कुणाला म्हणून विचारलं नाही. वेणी कापली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आणून धाकटीच्या मांडीवर ठेवली. पार्लरवालीने त्या वेणीच्या, केसांत चिमट्याने अडकवायच्या चार पट्ट्या करून दिल्या. ती त्यांना एक्स्टेन्शन म्हणायची, ताई म्हणायची गंगावन.

डॉक्टरांनी बजावलं होतं, सनस्क्रीन लावल्याशिवाय उन्हात पाऊल टाकायचं नाही. धाकटीने इमानेइतबारे लावलं. ते लागून आठ दिवसांत कानाजवळची पट्टी गंजक्या पत्र्यासारखी झाली. त्याच पट्टीचा बरा राहिलेला भाग कापून आज या सहा बटा केल्या होत्या. उरलेल्या तीन पट्ट्या डब्यात जपून ठेवलेल्या. आणि सोमवारी शाळेच्या इमारतीचं काम सुरू व्हायचं होतं, तीन मजले, सगळे उन्हातले.

"टोपी घाल आणि सोड ना विषय," ताई म्हणाली. "किती जीव काढशील?"

"टोपी घालतेच. पण कानामागचं क्रीम केसांना लागतंच ना गं."

"मग गंगावन घरी ठेवत जा. शिडीवर कोण बघायला येतंय तुला?"

"मी बघते की!" रंगारीण ताडकन उठली. "सत्तरी आली तुझी. एवढी वेणी आता पुन्हा व्हायची नाही. ती मी नारिंगी करू? नाहीतर काम सोडून घरात बसू? दोन्ही करणार नाही. आधीच सांगून ठेवते."

धाकटीचा हा सूर ताईला लहानपणापासून माहीत होता.

एवढ्यात तळमजल्यावरचा औषधवाला धापा टाकत जिना चढून आला. सकाळपासून त्याच्या दुकानातली सहा क्रीमं वर आली होती. त्याने फळीकडे पाहिलं. सहावी बटही आता लाजल्यासारखी गुलाबी दिसत होती.

"काकू, ही एक राहिलीय." त्याने खिशातून धुळकट ट्यूब काढली. "झिंकवाली. पण कुणी घेत नाही हो. तोंडाला चुना फासल्यासारखं दिसतं."

"मग सकाळीच का नाही दिलीत?"

"तुम्ही चांगली मागितलीत. ही काही चांगली दिसत नाही."

रंगारणीने ट्यूब हिसकावून घेतली. आता नमुन्याला बट मात्र उरली नव्हती. तिने डबा उघडला, एक कोरी पट्टी बाहेर काढली, कात्री लावली. आणि हात अडला. हीही फसली तर? सकाळपासून न थांबलेली बाई कात्री उघडी धरून नुसती उभी राहिली.

ताई उठली. खुर्ची खरखरत उन्हात ओढली, तिच्यात ऐसपैस बसली आणि मान खाली घातली.

"इथे लाव."

"अगं, वेडी आहेस का? ऊन बघ किती आहे."

"केस तेच आहेत ना? मग लाव. बिघडले तर बिघडले, माझे काय, बोटभर पुन्हा येतील. ती कात्री ठेव आधी खाली."

धाकटीने कात्री खाली ठेवली. ताईचं डोकं, मान, खांदे ओल्या टॉवेलने झाकले, टाळूवर नमुन्यापुरती जागा तेवढी उघडी ठेवली आणि तिथे क्रीम थापलं. मग दर अर्ध्या तासाला पाणी शिंपडणं आलं. औषधवाला दुकान पुन्हा उघडायचं विसरून कठड्याला टेकून राहिला. टॉवेलच्या आतून ताईची फर्मानं सुटत होती. पाणी गार आहे. पाठ खाजव. त्याला खुर्ची दे, मघापासून उभा आहे बिचारा.

तीन वाजता रंगारणीने ती जागा पुसली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. मग डब्यातली कोरी पट्टी आणून ताईच्या टाळूला टेकवली. पट्टी कुठे संपते आणि ताई कुठे सुरू होते, ते तिच्या तीस वर्षांच्या नजरेलाही कळेना.

तिने ट्यूब पिळली आणि स्वतःच्या गालांवर, कपाळावर, कानांमागे रंगासारखा जाडजूड हात मारला.

"काकू, भूत दिसताय," औषधवाला म्हणाला.

"दिसू दे. अजून पाच ट्यूबा मागवा."

"अरे, कुणीतरी मला सांगा!" टॉवेलखालून ताई ओरडली. "कुठला रंग आला?"

"तुझाच," धाकटी म्हणाली.