तिसऱ्या कडव्याच्या जागी

भावजी वहिनींच्या डाव्या बाजूला बसले. वहिनींचा उजवा कान कामाचा नाही. अख्ख्या संसारात नवऱ्याचे ड्रम त्या बाजूला होते. आणि भावजींना आवाज नाही. घशाच्या ऑपरेशननंतर नुसती कुजबुज उरली. म्हणून डावी बाजू.

ऊन उतरत होतं. मैदानातलं गवत पिवळं पडलेलं, पोरांच्या हातात कागदी पेले. समोर स्टेजवर पाचजण: भावजींच्या जुन्या बँडची गाणी वाजवणारा नवा बँड. जशीच्या तशी वाजवणारा.

जशीच्या तशी म्हणजे…

“तो बघा, डोळे मिटून गातोय,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यासारखा.”

“माझ्या डोळ्यांवर लाइट यायचा.”

“आणि ही?” ड्रमवर एक मुलगी होती. डावा खांदा पडलेला. “ह्यांचा खांदा दुखायचा म्हणून हे वाकडे बसायचे. हिला काय झालंय?”

“शिकलीय.”

“वाकडं बसायला?”

“दादासारखं बसायला.”

वहिनी हसल्या. दादा उन्हाळ्याच्या तोंडावर गेला, त्यानंतर पहिल्यांदा.

भावजींच्या खिशात फोन थरथरला. पुतण्या. *काका, विचारलंत का आईला?*

विचारायचं एवढंच होतं की घर बंद करून वहिनी मुलाकडे राहायला जाणार का. ड्रमची खोली रिकामी करायला सोमवारी माणसं यायची होती. मुलाने विचारून झालं होतं, सुनेनेही. वहिनींनी दर वेळी उत्तरादाखल चहा टाकला. काकांचं ऐकेल ती, असं ठरलं. म्हणून काका.

“वहिनी.”

गिटारने ते गिळलं.

“वहिनी, त्याने विचारायला सांगितलंय, पुढ…”

झांज.

“काय?” वहिनींनी डावा कान पुढे केला. “भावजी, एक तर तुम्ही कुजबुजता, त्यात जागा ही निवडलीत. घरी काय तोंडाला कुलूप होतं?”

“घरी तुम्ही चहा टाकता.”

वहिनींनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, टाच गवतात रुतत होती. “हात चांगला आहे पोरीचा. पण घाई करते.”

“दादाही करायचा.”

“म्हणून तर म्हणतेय.”

मग ते गाजलेलं खिडकीचं गाणं लागलं. पहिल्या दोन सुरांतच मैदान उठून उभं राहिलं. वहिनी आणि भावजी तेवढे बसून राहिले. त्यांच्या खुर्च्यांमागे एक मुलगी मैत्रिणीला समजावत होती.

“आता ऐक हं. रेकॉर्डवर तिसऱ्या कडव्याला गायक शब्द विसरतो. आणि चक्क विचारतो, पुढे काय? टेप संपत आली होती म्हणे, म्हणून ते तसंच ठेवलं. आपण सगळ्यांनी मिळून ओरडायचं.”

“मग?”

“मग एकदम शांत. आणि परत पहिलं कडवं.”

“पण मग त्याला कुणी काय सांगितलं?”

“ते कुणालाच माहीत नाही. ऐकूच येत नाही ना. तेच तर भारी आहे.”

भावजींनी मागे वळून पाहिलं नाही. दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या तोंडाशी स्टेजवरच्या पोराने श्वास घेतला, मिटलेले डोळे उघडले, ड्रमकडे वळला आणि

“पुढे काय?”

सगळं मैदान ओरडलं. एके काळी भावजींनी विचारलेलं, आता हजार गळ्यांतून. भावजी स्टेजकडे बघत नव्हते. वहिनींकडे बघत होते.

मग शांत.

&nbsp;

“काही नाही,” वहिनी म्हणाल्या. “परत पहिल्यापासून.”

&nbsp;

ड्रम सुरू झाले.

भावजी वहिनींच्या कानाशी इतके वाकले की खुर्ची कलली. “दादा हेच म्हणाला होता. हेच शब्द. माईकपासून लांब, मला एकट्याला. तुम्हाला सांगितलं त्याने?”

“नाही.”

“तुम्ही तर तिथे नव्हतातच.”

“घरी होते ना.” वहिनींची नजर त्या पडलेल्या खांद्यावर होती. “भाजी करपली तरी हेच. आमचं भांडण झालं तरी हेच. खांद्याचं ऑपरेशन फसलं, तेव्हा डॉक्टरला पण हेच.”

मागच्या मुली पहिलं कडवं गात होत्या. त्यांच्या दृष्टीने तिसरं. भावजींचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, पण शब्द वेगळे होते. कडवं वेगळं होतं, तेव्हा विसरलेलं. वहिनींनी ते पाहिलं.

फोन पुन्हा थरथरला. भावजींनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“वहिनी, सोमवारी माणसं येणार आहेत. त्याला काय सांगू?”

वहिनींनी पिशवी उचलली आणि उभ्या राहिल्या. भावजींना वाटलं, निघाल्या. तेही उठले. तर वहिनी वळसा घालून आल्या आणि भावजींच्या खुर्चीत बसल्या. आपली रिकामी झालेली खुर्ची त्यांनी हाताने थोपटली.

“या, इकडे बसा. आणि आता विचारा काय विचारायचं ते.”

&nbsp;

भावजी वहिनींच्या उजव्या बाजूला बसले.