काढलेलं दाखवायचं असतं

पोट उघडलं आणि डॉक्टरांनी हातातली कात्री पुन्हा खाली ठेवून दिली. तपासणीत दिसलेली गाठ जठरापुरती होती. प्रत्यक्षात ती जिथं बोट लावावं तिथं होती. यकृतावर, आतड्यांवर, सगळीकडे. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी पडद्यावरून डोकावून पाहिलं.

"तपासायला एक तुकडा घेतो," डॉक्टर म्हणाले, "आणि शिवून टाकू."

तीन तासांचं म्हणून धरलेलं काम पाऊण तासात उरकलं. सकाळपासूनचं हे पाचवं ऑपरेशन. साठी उलटल्यावर दिवसाला दोनच करा, असं बायको रोज बजावायची आणि डॉक्टर रोज मान डोलावून घराबाहेर पडायचे. आता पायांचे नुसते खांब झाले होते. हातमोजे काढून ते घटकाभर स्टुलावर टेकले. पेशंट बसड्रायव्हर होता, जेमतेम पन्नाशीचा. बाहेर त्याची बायको बसली होती. तिला सांगायची वाक्यं तीस वर्षांत तोंडपाठ झाली होती, तरी दरवेळी पहिल्या शब्दालाच गाडी अडायची.

दार ढकलून ते बाहेर आले तर ती हसत होती.

तिच्या हातात स्टीलचा वाकडा ट्रे होता. शेजारी वॉर्डातल्या मावशी उभ्या होत्या, त्याही खुशीत. "डॉक्टर, तुमच्या हाताला यश आहे बघा," ती म्हणाली. "एवढीशी पिशवी, आणि माणसाला पार पोखरून काढलं हो हिनं! आणि हे खडे! बारा मोजले मी."

डॉक्टरांनी ट्रेमध्ये पाहिलं. ते पित्ताशय होतं, आधीच्या ऑपरेशनमधल्या आजीबाईंचं. काढलेलं नातेवाइकांना दाखवायचं, हा नियम डॉक्टरांनी स्वतःच घालून दिलेला. डोळ्यांनी पाहिलं की माणसं निवांत झोपतात, असं ते म्हणायचे. आजीबाईंचे यजमान तेवढ्यात औषधं आणायला खाली गेले, म्हणून तो ट्रे फळीवर तसाच राहिला होता. मग ड्रायव्हरचं स्ट्रेचर बाहेर निघालं, आणि मावशींनी सवयीनं फळीवरचा ट्रे उचलून दारात उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिला.

"लेकीला फोन केला लगेच," बाई सांगत होती. "म्हटलं, रडू नकोस, निघालं सगळं. उद्या पेपर आहे तिचा. चार दिवस पुस्तकाला हात लावला नव्हता पोरीनं."

आजची रात्र जाऊ द्यावी, असं डॉक्टरांच्या मनात आलं. पोरीचा पेपर होऊन जाईल, ही बाई चार घास खाईल, आणि उद्या सकाळी अंगात थोडं त्राण असताना सांगता येईल. ते इतके दमले होते की खोटं बोलणं त्यांना समोर मांडलेल्या खुर्चीसारखं वाटलं. नुसतं बसायचं बाकी होतं.

"ताई, जरा बसा."

"आता कशाला बसू? आता पळायचं!"

"बसा. हा ट्रे तुमचा नाही."

मावशींचा हात तोंडाकडे गेला. बाई ट्रे घेऊन तशीच बाकावर बसली. तिनं एकदा खड्यांकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे.

"मग आमचं कुठंय?"

"आमच्याकडून काही काढता आलं नाही. सगळीकडे पसरलंय. हात घातला असता तर टेबलावरच गेले असते. म्हणून परत शिवलं."

"म्हणजे आहे तसं आतच?"

"आहे तसं."

"मग हे का दाखवलंत मला?"

"साहेब, ते मीच…" मावशी रडकुंडीला आल्या. डॉक्टरांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि त्याहून जास्त, उभं राहणं नको झालं होतं. बाई रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"तीन महिने. फार तर चार."

तिनं मान हलवली. पर्समधला फोन काढला, लेकीचा नंबर समोर आणला, त्याकडे पाहत राहिली आणि न लावताच परत ठेवून दिला.

जिन्यावरून धापा टाकत एक म्हातारे गृहस्थ वर आले. हातात औषधांची पिशवी. "मावशी, आमच्या हिचं काय निघालं ते दाखवणार होतात ना? मघापासून जिवाला घोर लागलाय."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. बाईच उठली. दोन्ही हातांनी ट्रे सांभाळत ती त्यांच्यापाशी गेली.

"हे तुमचं, आजोबा. बारा खडे आहेत. बघून घ्या नीट, काही राहिलेलं नाही आत."

आजोबांनी चष्मा पुसला, एकेक खडा पाहिला. केवढा तरी श्वास सोडला त्यांनी. मग त्यांना समोरच्या बाईची आठवण झाली.

"आणि तुमच्या मिस्टरांचं? तीन तास लागणार म्हणत होतात ना सकाळी?"

"नाही लागले," ती म्हणाली. "आमचं लवकर झालं."