बोटामागून शब्द

नेहमीसारखीच दुपार होती. मी आईच्या खोलीतला कॅमेरा आणि माइक सुरू केला. पक्षाघातानंतर तिचं बोट आधी उठायचं, शब्द उशिरा यायचा. तोवर हात खाली आणि तिच्या खुणेवर खोलीतल्या वस्तू चालवणारा माझा प्रोग्राम गोंधळलेला. म्हणून त्याला बोटाची दिशा लक्षात ठेवून शब्दाची वाट पाहायला शिकवलं होतं. आईनं दिव्याकडे बोट केलं. हात खाली आल्यावर म्हणाली, "तो... बंद." दिवा विझला. "ऐकतो की! तुझ्यासारखा... नाही." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला... जेवायला घाल." यंत्र म्हणालं, "वस्तू ओळखता आली नाही." "मी... ओळखते," आई म्हणाली. दोघी खो खो हसलो. दुसऱ्या दिवशी आई उठलीच नाही. आईचे कुणी आभार मानतं का, म्हणून कधी मानले नव्हते. आज कॅमेरा काढताना मोठ्यानं म्हणाले, "आई, तुझ्या पोटी आले, भाग्य माझं."