पुन्हा समुद्र

हवामानाच्या मॉडेलने नकाशावरचा तोच चौकोन पुन्हा समुद्र धरला, आणि तिने कपाळावर हात मारला. किनारा तिथून रात्रभराच्या प्रवासावर!

"कितीदा सांगू याला, जमीन आहे म्हणून?"

"कुत्र्याचं शेपूट आहे ते, वाकडंच राहणार," शेजारचा सहकारी म्हणाला.

दातओठ खात तिने चौकोन दुरुस्त केला आणि मॉडेल नव्याने चालवलं. पुन्हा निळा चौकोन. नेमका तिच्या माहेरावर.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, दोरीवरच्या कपड्यांवर मिठाचे डाग पडतायत."

"आई, डोकं नको खाऊस! आणि आधी तो टीव्ही बंद कर. लाटांचा केवढा आवाज येतोय!"

"टीव्ही बंदच आहे गं. आवाज दाराबाहेरून येतोय. थांब, उघडून बघते."