घाणीला परवानगी लागत नाही

“केंद्र सुरू झाल्यावर या पाण्याचे काय होईल?” ओढ्याकडे रोखलेली दुर्बीण डोळ्यांवरून न काढता पर्यावरण समितीच्या डॉ. सबनीस यांनी विचारले.

“स्वच्छ होईल,” नगरपालिकेचे अभियंते घोरपडे म्हणाले. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडून आणखी कसली अपेक्षा असते, हे त्यांना कळेना.

“म्हणजे बदलेल. हे लांब पायांचे शेकाट्या पक्षी मैल्यातल्या अळ्यांसाठीच इथे उतरतात. पाणी बदलले तर ते राहणार नाहीत. त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात परिणामांचा अभ्यास होईल, मगच परवानगी.”

“आणि शहराची घाण वर्षानुवर्षे इथे येते, तिच्या परिणामांचा अभ्यास?”

“घाण हा प्रकल्प नाही, घोरपडेसाहेब. परवानगी प्रकल्पाला लागते.”

नियम खरोखरच तसा होता. शिवाय याच नियमाने पलीकडची टेकडी खाणवाल्यांच्या तावडीतून सोडवली होती. म्हणून तर घोरपडे यांचे डोके अधिकच तापले.

खालच्या गावच्या सरपंच इंदूताई शेजारच्या दगडावर बसून हे ऐकत होत्या. गावची विहीर याच ओढ्याकाठी होती, आणि त्यांची पोटुशी सून काविळीने तालुक्याच्या दवाखान्यात पडून होती. तिकडची एसटी गाठायला त्या उठल्या, आणि जाता जाता घोरपडे यांच्यापाशी थांबल्या.

“साहेब, कागदावर तुमच्या केंद्रालाबी घाणच म्हणा की. घाणीला कोण अडवतंय इथं?”