लंगडता अशील

"पोलिसांचं फुंकायचं मशीन त्या रात्री बंद होतं. म्हणजे दारूचा पुरावा एकच," खर्डेकर वकिलांनी डॉक्टरांचा दाखला नाकाजवळ धरला. "'आरोपी चालताना झोकांड्या खात होता.' खात होतास ना?"

"थोड्या," तोडकर पुटपुटला. टेम्पोवर त्याचं घर चालत होतं. शिक्षा झाली तर लायसन्स जाणार, या धास्तीने आठवडाभर त्याला झोप नव्हती.

"मग तू लहानपणापासून लंगडा आहेस. आजपासून लंगड. बाजारात, देवळात, घरीसुद्धा. कोर्टाचा शिपाई नुकताच तुझ्या गल्लीत राहायला आलाय."

तोडकर महिनाभर इमानाने लंगडला. बायको रोज रात्री पायाला तेल चोळायची.

तारखेला न्यायाधीशांनी त्याला दारापासून पिंजऱ्यापर्यंत चालायला लावलं. घाबरून तो ठरल्यापेक्षा जास्तच लंगडला.

"निर्दोष," न्यायाधीश म्हणाले. तोडकरचे डोळे भरून आले.

"पण असल्या पायाला लायसन्स दिलं कोणी? आरटीओची तपासणी होईपर्यंत ते इथंच जमा करा."

तोडकर गर्रकन वकिलांकडे वळला.

"लंगडतच बाहेर पड," वकील हळूच म्हणाले. "साहेब अजून बघतायत."